लहान बेटें व मोठीं जाळीं

भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल फिरवितां फिरवितां पॅसिफिक महासागर समोर आला, म्हणजे बहुतेक विद्यार्थी तो तसाच पुढें ढकलतात. निळ्या रंगाखेरीज तेथें पाहण्यासारखें आहे तरी काय, असें त्यांस वाटतें. परंतु गोल डोळ्यांजवळ धरून विषुववृत्ताच्या आसपास नीट पाहिलें, तर टांचणीच्या टोकाएवढे कांहीं ठिपके आढळतील, व त्यांच्या शेजारीं बारीक अक्षरांत किरिबाटी, तुवालू, नौरू, मार्शल बेटें अशीं नांवें छापलेलीं दिसतील. (किरिबाटी असें लिहितात खरें, पण तेथील लोक त्या नांवाचा उच्चार ‘किरिबास’ असा करितात.) हे ठिपके म्हणजे स्वतंत्र राष्ट्रें आहेत. त्यांस त्यांचा ध्वज आहे, कायदेमंडळ आहे, शाळा आहेत, आणि त्या शाळांतील शिक्षकांचे पगार दरमहा भागवावयाचे आहेत. हे पगार कोठून येतात, व दूरदेशच्या सरकारांनीं आपल्या जहाजांस दिलेल्या पैशाचा त्या बेटांच्या संसाराशीं काय संबंध पोंचतो, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तुवालूची सारी जमीन मोजली तर ती २६ चौरस किलोमीटर भरते. नौरूची तर २१ च. किरिबाटीचीं ३३ बेटें एकत्र केलीं तरी ८११ चौरस किलोमीटरांपलीकडे मजल जात नाहीं. एवढ्या जमिनींत मोठी शेती होणें नाहीं, कारखाने चालणें नाहीं. नारळ, फणसासारखें एक फळ व मासळी यांवर तेथील लोकांनीं पिढ्यान् पिढ्या निर्वाह केला. मग १० डिसेंबर १९८२ रोजीं जमेका बेटावरील माँटेगो बे येथें समुद्राच्या कायद्याविषयींचा संयुक्त राष्ट्रांचा करार सह्यांसाठीं खुला झाला, व १९९४ सालीं तो अंमलांत आला. त्या करारानें प्रत्येक किनाऱ्याच्या देशास आपल्या तटापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रांतील संपत्तीवर हक्क मिळाला. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अर्थात् २०० मैल म्हणजे सुमारें ३७० किलोमीटर. भोंवतीं दुसरी जमीन नसलेलें वस्तीचें एखादें चिमुकलें बेट घेऊन त्याच्याभोंवतीं एवढ्या त्रिज्येचें वर्तुळ काढलें, तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें ४,३०,००० चौरस किलोमीटर येतें. हा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. आपल्या महाराष्ट्र राज्याचें क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या वर्तुळाचा विस्तार कळेल. किरिबाटीचीं बेटें दूरदूर पसरलेलीं असल्यामुळें त्याच्या वांट्यास सुमारें ३५ लक्ष चौरस किलोमीटर समुद्र आला आहे. भारताची सर्व भूमि सुमारें ३३ लक्ष चौरस किलोमीटर आहे! जमिनीच्या हिशेबीं अगदीं गरीब असलेलें हें राष्ट्र पाण्याच्या हिशेबीं मोठें जमीनदार आहे म्हणावयाचें.

या पाण्यांत जी खरी दौलत आहे ती ट्यूना माशाची. कोकणच्या किनाऱ्यावर त्याच्या जातभाईंस कुपा किंवा गेदर म्हणतात, व ते आपल्या बाजारांतही येतात. पश्चिम व मध्य पॅसिफिक समुद्रांतून जगांतील निम्म्याहून अधिक ट्यूना पकडला जातो. त्यांत स्किपजॅक नांवाची लहान चणीची जात सर्वांत विपुल असून डब्यांत भरून विकला जाणारा मासा बहुधा तोच असतो. हा मासा एका जागीं रहात नाहीं. थव्यांनीं हिंडत तो आज एका देशाच्या पाण्यांत असतो, तर महिन्यानें दुसऱ्याच्या. त्याला पकडण्याचें जें जाळें, त्यास पर्ससीन म्हणतात. तें आपल्याकडील बटव्यासारखें असतें. दीड किलोमीटर व त्याहूनही लांब असें जाळें थव्याभोंवतीं गोल सोडावयाचें, आणि मग बटव्याची दोरी ओढावी तशी त्याच्या खालच्या कडेची दोरी ओढून तळ बंद करावयाचा. सबंध थवाच्या थवा आंत सांपडतो. असें जहाज बांधण्यास व चालविण्यास इतका पैसा लागतो कीं तुवालूसारख्या राष्ट्रास तो आपल्या खजिन्यांतून काढणें अशक्यप्राय होय. म्हणून मासा बेटवाल्यांचा व जहाजें जपान, तैवान, कोरिया, चीन, अमेरिका, स्पेन यांचीं, अशी स्थिति कितीएक वर्षें चालत आली. जहाजवाल्यांनीं परवान्याचे पैसे भरावे व बेटवाल्यांनीं ते घ्यावे, असा हा व्यवहार.

आरंभीं हे पैसेही सुखासुखीं मिळत नव्हते. अमेरिकेचा तेव्हांचा कायदा असें मानी कीं, भटक्या ट्यूनावर कोणत्याही किनाऱ्याच्या देशाचा हक्क नाहीं. तो ज्याला सांपडेल त्याचा. १९८४ सालीं सॉलोमन बेटांच्या सरकारनें आपल्या हद्दींत विनापरवाना शिरलेलें ‘जीनेट डायना’ नांवाचें अमेरिकी जहाज पकडून ठेविलें. अमेरिकेनें उलट सॉलोमन बेटांवरून येणारी ट्यूना मासळी आपल्या देशांत घेण्याचेंच बंद केलें. ज्या घरीं चोरी झाली त्याच घरावर बहिष्कार, असा हा न्याय होता. पुढें १९८५ सालीं किरिबाटीनें सोव्हिएट रशियाशीं मासेमारीचा एक वर्षाचा करार केला. रशियन जहाजें पॅसिफिकमध्यें आलेलीं पाहतांच अमेरिकेस त्या बेटांचें महत्त्व एकाएकीं कळूं लागलें, व १९८७ सालीं तिनें तेथील राष्ट्रांशीं ट्यूनाचा तह करून दरवर्षीं रक्कम देण्याचें मान्य केलें. लहानांस मोठ्यांच्या भांडणाचा क्वचित् असा उपयोग होतो.

परंतु खरा पालट झाला तो बेटांच्या एकजुटीनें. १९७९ सालीं सॉलोमन बेटांतील होनिआरा येथें या प्रदेशांतील राष्ट्रांनीं मासेमारीसाठीं एक समाईक कचेरी स्थापिली होती. १९८२ सालीं नौरू येथें एक करार झाला. त्यांत आज आठ राष्ट्रें आहेत, तीं अशीं: मायक्रोनेशिया, किरिबाटी, मार्शल बेटें, नौरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटें व तुवालू. पूर्वीं प्रत्येकजण आपापल्या परीनें परवाने विकी, आणि जहाजवाला एकापाशीं जाऊन म्हणे, “तुमचा शेजारी स्वस्त देतो.” भाजीबाजारांत गिऱ्हाईक करितें तेंच हें. २००७ सालापासून या आठांनीं नवी पद्धत चालू केली. सर्व राष्ट्रांच्या पाण्यांत मिळून वर्षांत पर्ससीन जहाजांनीं एकंदर किती दिवस मासेमारी करावी हें अगोदर ठरवावयाचें, ते दिवस आपसांत वांटून घ्यावयाचे, व मग एकेक दिवस जहाजवाल्यांस विकावयाचा. कमींत कमी दरही सर्वांनीं मिळून बांधला. २०१२ सालीं तो दिवसास ५,००० डॉलर होता. २०१५ सालीं ८,००० डॉलर झाला. मासा एखाद्या वर्षीं एकाच देशाच्या पाण्यांत अधिक रमला, तर दुसऱ्यानें आपले दिवस त्यास द्यावे, अशीही सोय आहे. शिवाय या देशांच्या हद्दींमध्यें जे मोकळ्या समुद्राचे कप्पे राहतात, तेथें मासेमारी करणाऱ्या जहाजास आमच्या पाण्यांत परवाना मिळणार नाहीं, अशी अटही २०१० पासून घातली. मोकळ्या समुद्रावर त्यांचा हक्क नाहीं, पण आपल्या दारांतून कोणास आंत घ्यावें हा हक्क आहे, व त्यांनीं तो चातुर्यानें वापरला. २०१० सालीं या राष्ट्रांस मिळून सुमारें ६ कोटी डॉलर मिळत होते. पुढील दहा वर्षांत ती रक्कम सुमारें ५० कोटींपर्यंत गेली. किरिबाटीच्या सरकारच्या उत्पन्नांत निम्म्याहून अधिक भाग आतां या परवान्यांचाच असतो. शिक्षकांचे पगार कोठून येतात, या आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें हें उत्तर होय.

आतां दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे अनुदानाकडे, वळूं. अनुदान हा शब्द आपल्या शाळांस चांगला परिचयाचा आहे. येथें मात्र तें जहाजांस मिळणारें. समजा, एका जहाजास समुद्रावरील एका फेरीस १०० रुपये खर्च येतो व पकडलेल्या मासळीचे ९० रुपये होतात. असा तोट्याचा धंदा मालक दुसऱ्या खेपेस करणार नाहीं. मासे विरळ झाले कीं उत्पन्न कमी येतें, जहाजें घरीं बसतात, आणि तेवढ्या अवकाशांत माशांची वीण होऊन समुद्र पुन्हां भरतो. निसर्गाचा व व्यापाराचा हा आपोआप चालणारा लगाम आहे. परंतु सरकारनें डिझेलासाठीं २० रुपये हातीं ठेविले, तर त्याच मालकास १० रुपये नफा होतो, आणि विरळ झालेल्या माशांमागेंही जहाज पुन्हां पुन्हां धांवत राहतें. लगाम तुटला! एका अभ्यासाप्रमाणें २०१८ सालीं जगांतील सरकारांनीं मासेमारीस सुमारें ३,५४० कोटी डॉलर अनुदान दिलें, व त्यांपैकीं सुमारें २,२२० कोटी डॉलर जहाजांची मासे पकडण्याची शक्ति वाढविणारें होतें. सर्वांत मोठा भाग इंधनाचा. त्याच २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, अनुदान नसतें तर मोकळ्या समुद्रांतील मासेमारीच्या क्षेत्रांपैकीं निम्म्याहून अधिक क्षेत्रांत ती तोट्याची ठरली असती. या चढाओढीचा परिणाम समुद्रावर झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या गणनेप्रमाणें १९७४ सालीं जगांतील माशांच्या सांठ्यांपैकीं शेंकडा १० सांठे प्रमाणाबाहेर उपसले जात होते. २०२१ सालीं हें प्रमाण शेंकडा ३७.७ झालें.

येथें एखादा पालक म्हणेल, आमच्या किनाऱ्यावरील मच्छीमार संस्थांच्या नौकांसही डिझेलावरील कराचा परतावा मिळतो. मग तोही अपराधच काय? प्रश्न वाजवी आहे. पहांटे निघून सायंकाळीं परतणाऱ्या तांडेलाची नौका, आणि स्वदेशापासून हजारों मैल दूर महिनोन् महिने राहून दुसऱ्याच्या दाराशीं जाळें टाकणारें जहाज, यांस एकाच तराजूंत घालणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. परंतु मोठ्या राष्ट्रांचा कोणताही प्रतिनिधि आपलें अनुदान दुसऱ्या प्रकारचें आहे असें कबूल करीत नाहीं. तोही आपल्या गरीब कोळ्यांचेंच नांव पुढें करितो. वाटाघाटी इतक्या लांबल्या त्याचें एक कारण हेंच.

बेटांच्या राष्ट्रांची अडचण तर याहून गुंतागुंतीची आहे. दूरच्या जहाजांस मिळणारें अनुदान त्यांच्या माशांचा नाश करितें. म्हणून तें बंद व्हावें, ही त्यांची मागणी. पण तींच जहाजें त्यांच्या दिवसांचे ८,००० डॉलर मोजतात! कांहीं सरकारें हा पैसा अंशतः स्वतःच भरतात. अमेरिकेच्या तहांत तसें आहे, व युरोपीय संघाच्या करारांतही. सरकारनें भरलेला हा पैसा जहाजवाल्यांस अनुदानच नव्हे काय, असा तर्क केला, तर तो सर्वस्वी खोटा म्हणतां येणार नाहीं. आणि तो तर्क नियमांत उतरला, तर बेटांचा खजिना आटेल. शिवाय हीं राष्ट्रें असेंही म्हणतात कीं, आज आम्हांजवळ जहाजें नाहींत, पण उद्यां आमच्या मुलांनीं जन्मभर परवानेच विकावे कीं काय? आम्हांस पुढेंमागें आपलीं जहाजें बांधावयाचीं झालीं, तर आमच्या सरकारनें मदत करण्याचा मार्ग बंद करूं नका. म्हणजे, मोठ्यांचें अनुदान थांबवा, आमची परवान्याची मिळकत राखा, आणि आमच्या भावी अनुदानास जागा ठेवा, अशा तिन्ही गोष्टी त्यांस एकदम मागाव्या लागतात. ऐकणाऱ्यास हें परस्परविरुद्ध वाटतें. परंतु सर्व बाजूंनीं कोंडी झालेल्या मनुष्यानें एकाच दारानें बाहेर पडावें असा आग्रह धरणें सोपें, व त्याच्या जागीं उभें राहणें कठीण.

या वाटाघाटी स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरीं जागतिक व्यापार संघटनेपुढें चालतात. २००१ सालीं दोहा येथें त्यांस आरंभ झाला; २००५ सालीं हाँगकाँग येथें असें ठरलें कीं, अतिमासेमारीस कारण होणाऱ्या कांहीं अनुदानांवर बंदीच घालावी; २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं २०२० ही मुदत घातली. ती मुदत टळली. या संघटनेंत मतें मोजीत नाहींत, सर्वांची संमति लागते; तेव्हां एकानें मान हालविली नाहीं कीं गाडें अडतें. अखेर १७ जून २०२२ रोजीं, एकवीस वर्षांनीं, करार मंजूर झाला, व दोनतृतीयांश सभासदांची, म्हणजे १११ राष्ट्रांची, स्वीकृति मिळाल्यावर १५ सप्टेंबर २०२५ रोजीं तो अंमलांत आला. त्यांत तीन बंद्या आहेत. चोरट्या मासेमारीस अनुदान देऊं नये. ज्या जातीचा सांठा अगोदरच खालावला आहे, तो भरून काढण्याचे उपाय योजिल्याखेरीज त्याच्या मासेमारीस अनुदान देऊं नये. आणि कोणत्याही संस्थेची देखरेख नसलेल्या मोकळ्या समुद्रांतील मासेमारीस तें देऊं नये. विकसनशील देशांस आपल्या २०० मैलांत पहिल्या दोन नियमांपासून दोन वर्षांची सवड आहे. आणि परवान्याच्या पैशाचें काय? एका सरकारनें दुसऱ्या सरकारला प्रवेशाच्या करारान्वयें दिलेली रक्कम अनुदान मानूं नये, असें या करारांत स्पष्ट लिहिलें आहे. लिहिलें आहे तें एका तळटीपेंत. पाठ्यपुस्तकांतील तळटीपा गाळून वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनीं विचार करावा कीं, कित्येक शाळांचा खर्च अशा एका तळटीपेवर अवलंबून असतो.

मात्र जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे जहाजांची संख्या व शक्ति वाढविणारें इंधनाचें व जहाजबांधणीचें अनुदान, तो या करारांत आला नाहीं. तो दुसऱ्या भागासाठीं राखून ठेविला. २०२४ सालीं अबू धाबी येथें मंत्री जमले, पण एकमत न होतां परतले. तेथील मसुद्यांत अशी योजना होती कीं, मोठ्या राष्ट्रांनीं आम्ही माशांची नीट निगा राखतों असें दाखवून दिलें, तर त्यांचें अनुदान चालू राहावें. ज्या देशाजवळ शास्त्रज्ञांचे ताफे व कचेऱ्या आहेत, त्यास असें दाखविणें कितीसें अवघड? ज्याच्या मासेमारी खात्यांत मोजकीं माणसें आहेत, त्यास मात्र आपलें साधें विवरणपत्र भरणेंही जड जातें. जगांतील एकंदर मासळीपैकीं शेंकडा ०.८ पर्यंतच पकडणाऱ्या विकसनशील देशांस सूट देण्याचेंही त्यांत योजिलें होतें. भारतानें वेगळी भूमिका घेतली: विकसनशील देशांस २५ वर्षांची मुदत मिळावी, आणि दूरच्या समुद्रांत जाणाऱ्या राष्ट्रांनीं २०० मैलांबाहेरील मासेमारीचें अनुदान निदान २५ वर्षें थांबवावें. या मागणीचा दुसरा अर्धा भाग बेटांस मानवणारा आहे. पहिल्या अर्ध्याविषयीं त्यांनीं साशंक असणें स्वाभाविक आहे, कारण विकसनशील म्हणविणाऱ्या देशांतही कांहींचीं जहाजें थोडीं नाहींत.

आणि हें सारें ठरत असतां नौरू करारांतील आठ राष्ट्रांपैकीं जागतिक व्यापार संघटनेचे सभासद किती, हें पाहिलें तर आश्चर्य वाटेल. पापुआ न्यू गिनी व सॉलोमन बेटें, अशीं दोनच. किरिबाटी, तुवालू, नौरू, मार्शल बेटें, मायक्रोनेशिया व पलाऊ हीं त्या संघटनेंत नाहींत. ज्यांच्या समुद्राविषयीं बोलणें चाललें आहे, त्यांपैकीं बहुतेकांस त्या दालनांत खुर्ची नाहीं. त्यांचें म्हणणें फिजी, सामोआ, टोंगा, व्हानुआतु यांसारख्या सभासद शेजाऱ्यांच्या तोंडून मांडलें जातें.

मासा विकावयास निघालें म्हणजे आणखी एक अडसर आडवा येतो, तो जकातीचा. यासाठीं पॅसिफिक सोडून आपल्या जवळच्या मालदीव बेटांचें उदाहरण घेऊं. तेथील कोळी मोठीं जाळीं न वापरतां काठी व गळ यांनीं एकेक ट्यूना पकडतात. समुद्राची इतकी कमी हानि करणारी रीत दुसरी क्वचितच असेल. २०११ सालीं मालदीवचें नांव अत्यंत मागासलेल्या देशांच्या यादींतून वगळण्यांत आलें, म्हणजे एका अर्थीं तें वरच्या वर्गांत चढलें. बक्षीस काय मिळालें? युरोपांत त्याच्या मासळीस असलेली जकातीची माफी २०१३ अखेर संपली, आणि डबाबंद ट्यूनावर शेंकडा २४ जकात लागूं झाली. पापुआ न्यू गिनीनें युरोपीय संघाशीं स्वतंत्र करार केला असल्यामुळें तिचे डबे मात्र जकातीवांचून जातात. मासा एकाच जातीचा, बाजारही एकच. फरक काय तो कागदाचा.

दरम्यान मासा कोणाच्याही कागदाची वाट पहात नाहीं. समुद्राचें पाणी तापत चालल्यामुळें ट्यूनाचे थवे पूर्वेकडे, मोकळ्या समुद्राच्या दिशेनें, सरकतील असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. २०२१ सालच्या एका अभ्यासाप्रमाणें, हवेंत सोडला जाणारा धूर असाच वाढत गेला, तर २०५० पर्यंत पॅसिफिकमधील दहा लहान राष्ट्रांच्या पाण्यांतील ट्यूना सरासरीनें शेंकडा १३ घटेल. हे मासे ज्या मोकळ्या समुद्रांत जातील, तेथेंच अनुदानावर चालणारीं जहाजें त्यांची वाट पहात असतील. समुद्र वर चढून किनारा बुडाला तर २०० मैल कोठून मोजावयाचे, ही आणखी एक धास्ती. तिच्यावर त्यांनीं ६ ऑगस्ट २०२१ रोजीं एकत्र येऊन जाहीर केलें कीं, एकदां आंखून दिलेली आमची सागरी हद्द पाणी कितीही चढलें तरी कमी होणार नाहीं.

जिनीव्हाच्या करारांतही एक मुदत लपलेली आहे. अंमल सुरू झाल्यापासून चार वर्षांत राहिलेला दुसरा भाग मंजूर झाला नाहीं, आणि संघटनेच्या साधारण सभेनें निराळें ठरविलें नाहीं, तर पहिला भागही आपोआप रद्द समजावा, असें त्यांत कलम आहे. ती चार वर्षें १५ सप्टेंबर २०२९ रोजीं पुरीं होतात.